सनद, कायदा आणि काउंटीची खाती : कॅलिफोर्नियातील १९११ नंतरचा अनुभव

१

अमेरिकेतील शासनसंस्थांच्या अभ्यासात काउंटीच्या वाट्याला फारच थोडी पाने येतात. संघराज्य आणि घटक राज्ये ह्यांच्यातील अधिकारांची वाटणी हा विषय सर्वपरिचित आहे. महानगरांच्या कारभारावरही विपुल लेखन झाले आहे. परंतु जमिनीचे दस्तऐवज जेथे नोंदविले जातात, करासाठी मालमत्तेची किंमत जेथे ठरते, तुरुंग जेथून चालविला जातो आणि निराधारांना जेथून साहाय्य मिळते, ती कचेरी बहुधा काउंटीची असते. स्थूलमानाने आपल्याकडील जिल्ह्याशी तिची तुलना करता येईल. मात्र जिल्हाधिकारी ज्या अर्थाने वरून नेमलेला असतो त्या अर्थाने काउंटीचे प्रमुख अधिकारी वरून नेमलेले नसतात. त्यांतील कित्येक स्थानिक मतदारांनी निवडलेले असतात, आणि तरीही त्यांची कर्तव्ये राज्याच्या कायद्याने ठरविलेली असतात.

ह्या दुहेरी स्वरूपातूनच एक प्रश्न उद्भवतो. काउंटीत खाती किती असावीत, कोणते खाते कोणाच्या हाताखाली असावे, कोणता अधिकारी निवडलेला असावा आणि कोणता नेमलेला, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? काउंटीतील मतदारांनी संमत केलेल्या सनदेचा, की राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा? वरवर पाहता हा कारभाराच्या सोयीचा प्रश्न वाटतो. परंतु आरोपीला वकील मिळणार की नाही, पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी कोण करणार, आणि एका ठिकाणच्या लोकांनी विचारपूर्वक बदललेली व्यवस्था इतर ठिकाणच्या लोकांना पुन्हा पूर्ववत करता येईल काय, हे सर्व ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिले आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९११ मध्ये काउंट्यांना सनदेचा अधिकार दिला. त्या अधिकाराचा इतिहास ह्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार करणे उचित ठरेल, कारण ह्या वादात शब्दांना असाधारण महत्त्व आले आहे. ‘काउंटी’ हा शब्द नॉर्मन विजेत्यांच्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. तत्पूर्वी इंग्लंडातील त्याच विभागाला ‘शायर’ म्हणत. शायरमधील राजाच्या प्रतिनिधीला ‘रीव्ह’ ही संज्ञा होती, आणि ह्या दोन शब्दांचा समास होऊन कालांतराने ‘शेरिफ’ हा शब्द सिद्ध झाला. म्हणजे शेरिफ हा मुळात स्थानिक लोकांचा अधिकारी नव्हता. तो प्रदेशात राहणारा राजाचा माणूस होता. अमेरिकेत तो निवडून दिला जाऊ लागला, तथापि वरच्या सत्तेचा हस्तक ही त्याची जुनी ओळख पूर्णपणे पुसली गेली नाही. पुढील विवेचनात शेरिफाचे पद वारंवार येते त्याचे कारण हेच आहे.

‘चार्टर’ ह्या शब्दासाठी मराठीत ‘सनद’ हा फारसीमार्गे आलेला शब्द रूढ आहे. मराठी वाचकाच्या मनात ह्या शब्दाबरोबर इनाम, वतन आणि ते देणारा सत्ताधीश उभा राहतो. सनद वरून मिळते, आणि जो ती देतो त्याला ती तपासण्याचा व काढून घेण्याचाही अधिकार असतो, हे १८५२ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातील इनामदारांनी इनाम कमिशनपुढे पुरेपूर अनुभविले. कॅलिफोर्नियातील काउंटीची सनद स्थानिक मतदार स्वतः संमत करतात. ती कोणा राजाचे दान नव्हे. तरीही तिचा आधार राज्यघटनेतील एका कलमात आहे, आणि त्या कलमाचे शब्द काउंटीच्या हाती नाहीत. ह्या मर्यादेपुरता मराठी शब्दाचा जुना अर्थ येथेही लागू पडतो.

सनदेच्या ह्या अधिकाराला अमेरिकन लेखक ‘होमरूल’ म्हणतात. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हापासून हा शब्द मराठीत सुपरिचित आहे. परंतु दोन्हीकडील अर्थ भिन्न आहेत. टिळकांच्या चळवळीत त्याचा अर्थ राष्ट्राचे स्वराज्य असा होता. काउंटीच्या संदर्भात त्याचा अर्थ राज्याच्या चौकटीत राहून आपल्या कारभाराची रचना आपण ठरविणे, एवढाच मर्यादित आहे.

३

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन न्यायालयांनी काउंटीला फारसे स्वातंत्र्य मानले नव्हते. ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये हॅमिल्टन काउंटीसंबंधीच्या एका खटल्यात नगर आणि काउंटी ह्यांतील भेद स्पष्ट केला. नगरसंस्था तेथील रहिवाशांच्या इच्छेने व त्यांच्या सोयीसाठी निर्माण होते. काउंटी मात्र राज्य आपल्या धोरणाच्या अंमलबजावणीसाठी, रहिवाशांची संमती न विचारता निर्माण करते, असा त्या निर्णयाचा आशय होता. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन ह्यांनी १८६८ मध्ये ह्याच विचाराला व्यापक रूप दिले. स्थानिक संस्था ही विधिमंडळाची निर्मिती असून विधिमंडळाने स्पष्टपणे दिलेले, त्यातून अपरिहार्यपणे निघणारे, किंवा संस्थेच्या हेतूसाठी अत्यावश्यक असलेले अधिकार तेवढेच तिला असतात, हे सूत्र पुढे ‘डिलनचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झाले. मिशिगनचे न्यायाधीश टॉमस कूली ह्यांनी १८७१ मध्ये स्थानिक स्वशासन हा लोकांचा मूलभूत हक्क असल्याचे प्रतिपादन केले. परंतु न्यायालयांचा कल डिलन ह्यांच्याकडेच राहिला. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०७ मध्ये पिट्सबर्गच्या खटल्यात तोच पक्ष उचलून धरला.

कॅलिफोर्नियात १८७९ च्या राज्यघटनेने विधिमंडळाचे हात निराळ्या पद्धतीने बांधण्याचा प्रयत्न केला. एकाच काउंटीपुरते विशेष कायदे करण्यास तिने मनाई केली आणि सर्व काउंट्यांसाठी एकरूप व्यवस्था असावी असे ठरविले. हेतू चांगला होता. परिणाम विपरीत झाला. विधिमंडळाने लोकसंख्येच्या आधारे काउंट्यांचे वर्ग पाडले, आणि अधिकाऱ्यांच्या वेतनाच्या बाबतीत हे वर्ग इतके वाढले की जवळजवळ प्रत्येक काउंटी हा एक स्वतंत्र वर्ग होऊन बसला. कायद्याचे शब्द सामान्य राहिले, व्यवहारात मात्र तो विशेषच झाला. एखाद्या काउंटीला कारकुनांची संख्या वाढवावयाची असली तरी राज्याच्या राजधानीकडे धाव घ्यावी लागे.

गव्हर्नर हायरम जॉन्सन ह्यांच्या नेतृत्वाखालील सुधारणावादी पक्ष सत्तेवर आल्यानंतर ही स्थिती बदलली. १० ऑक्टोबर १९११ च्या विशेष निवडणुकीत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी अनेक घटनादुरुस्त्या संमत केल्या. स्त्रियांचा मताधिकार त्याच दिवशी मंजूर झाला. त्याच सुमाराच्या सुधारणांतून घटनेच्या अकराव्या प्रकरणात कलम ७½ घालण्यात आले आणि काउंटीला स्वतःची सनद तयार करण्याचा अधिकार प्राप्त झाला. काउंटीच्या मतदारांनी पंधरा सदस्यांचे मंडळ निवडावे, त्या मंडळाने मसुदा करावा, मतदारांनी तो संमत करावा, आणि विधिमंडळाने त्यात फेरफार न करता तो संपूर्ण स्वीकारावा किंवा संपूर्ण फेटाळावा, अशी ही पद्धत होती.

लॉस एंजेलिस काउंटीने ह्या अधिकाराचा प्रथम उपयोग केला. १९१० च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या ५,०४,१३१ होती आणि ती झपाट्याने वाढत होती. नोव्हेंबर १९१२ मध्ये मतदारांनी सनद संमत केली. जून १९१३ पासून ती अमलात आली. अशा पद्धतीने स्वतःची सनद करणारी ही अमेरिकेतील पहिली काउंटी होय. सनदेने पाच सदस्यांचे पर्यवेक्षक मंडळ कायम ठेवले. शेरिफ, डिस्ट्रिक्ट अॅटर्नी म्हणजे सरकार पक्षाचा मुख्य फौजदारी वकील, आणि असेसर म्हणजे करासाठी मालमत्तेची किंमत ठरविणारा अधिकारी, हे तिघे निवडलेले ठेवले. पूर्वी निवडून येणारे इतर अनेक अधिकारी तिने नेमणुकीने भरावयाचे ठरविले आणि नोकरभरतीसाठी स्पर्धापरीक्षेची पद्धत लागू केली.

४

ह्या सनदेतील सर्वांत महत्त्वाची तरतूद एका नव्या खात्याची होती. गरीब आरोपीच्या बचावासाठी सरकारी खर्चाने वकील असावा, ही कल्पना कॅलिफोर्नियातील पहिल्या स्त्री वकील क्लारा फोल्ट्झ ह्यांनी १८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या वेळी भरलेल्या विधिपरिषदेत मांडली होती. राज्याराज्यांच्या विधिमंडळांपुढे तिची विधेयकेही गेली. परंतु कॅलिफोर्नियाच्या कायद्यात १९१३ पर्यंत असे कोणतेही खाते नव्हते. लॉस एंजेलिसच्या सनदेने ‘पब्लिक डिफेंडर’ हे पद निर्माण केले आणि जानेवारी १९१४ मध्ये ती कचेरी सुरू झाली. पहिले पब्लिक डिफेंडर वॉल्टन वुड ह्यांची निवड स्पर्धापरीक्षेने झाली होती. केवळ फौजदारी खटल्यांपुरते हे काम मर्यादित नव्हते. शंभर डॉलरपर्यंतचे थकलेले वेतन वसूल करण्यासाठी गरीब मजुराच्या वतीने दावा चालविण्याचे कर्तव्यही सनदेने ह्या खात्याकडे सोपविले.

राज्याच्या विधिमंडळाने सर्व काउंट्यांना असे पद निर्माण करण्याची मुभा देणारा कायदा १९२१ मध्ये केला. गंभीर गुन्ह्याच्या आरोपीस वकील पुरविणे हे प्रत्येक राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे, असा निर्णय संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गिडियन ह्यांच्या खटल्यात दिला तो १९६३ मध्ये. म्हणजे राज्याच्या कायद्याच्या आठ वर्षे आणि राष्ट्रीय तत्त्वाच्या पन्नास वर्षे अगोदर एका काउंटीच्या सनदेने ती गोष्ट प्रत्यक्षात आणली होती. सनदेच्या अधिकाराचे समर्थन करणाऱ्यांना ह्याहून बळकट उदाहरण क्वचितच मिळेल. राज्याचा कायदा जेथे मौन होता तेथे सनद बोलली, आणि पुढे कायद्याने तिचे अनुकरण केले.

५

परंतु कायदा जेथे मौन नाही तेथे काय घडते? ह्याचे उत्तर घटनेच्या शब्दांत शोधावे लागते. विसाव्या शतकातील पुनर्रचनेनंतर काउंटीच्या सनदेची तरतूद अकराव्या प्रकरणाच्या तिसऱ्या व चौथ्या कलमांत आली. तिसऱ्या कलमातील एक वाक्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे: सनदेतील तरतुदी ह्या राज्याचाच कायदा असून त्यांना विधिमंडळाच्या कायद्याइतकेच बळ आहे, अशा आशयाचे ते वाक्य आहे. ह्याचा परिणाम असा की ‘सनद विरुद्ध राज्याचा कायदा’ ही नेहमीची मांडणी काटेकोर राहत नाही. दोन्ही राज्याचेच कायदे होत. एक विधिमंडळाने केलेला, दुसरा काउंटीच्या मतदारांनी केलेला. त्यांच्यात विरोध आला तर कोणी माघार घ्यावयाची, हे घटनेचे चौथे कलम ठरविते.

ह्या कलमाची रचना यादीच्या स्वरूपाची आहे. सनदेने अमुक अमुक गोष्टींची तरतूद ‘केली पाहिजे’ असे सांगून ते बाबी मोजते: निवडलेले नियामक मंडळ; निवडलेला शेरिफ, निवडलेला डिस्ट्रिक्ट अॅटर्नी व निवडलेला असेसर; इतर अधिकारी, त्यांची निवड किंवा नेमणूक, वेतन, मुदत व पदच्युती; कायद्याने आवश्यक ठरविलेली कार्ये पार पाडणे; अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये, तसेच पदांचे एकत्रीकरण व विभाजन. शेवटी, ज्या बाबींची तरतूद करण्यास सनद ह्या कलमाने समर्थ आहे आणि जिची तरतूद तिने प्रत्यक्षात केलेली आहे, त्या बाबींपुरती सनद सामान्य कायद्याची जागा घेते, असे म्हटले आहे.

येथे दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की सनदी नगरांना घटनेने जो अधिकार दिला आहे त्यापेक्षा काउंटीचा अधिकार वेगळ्या घडणीचा आहे. नगराला ‘नगरविषयक बाबी’ हा व्यापक शब्दप्रयोग लाभला आहे, आणि त्याचा अर्थ काळानुरूप विस्तारू शकतो. काउंटीला यादी लाभली आहे. यादीबाहेरच्या विषयात सामान्य कायदाच चालतो. दुसरी गोष्ट ‘कार्य’ आणि ‘अधिकारी’ ह्या दोन शब्दांतील भेदाची. कार्य कायदा ठरवितो. ते करणाऱ्यांची मांडणी सनद ठरविते. खाते ही वस्तू ह्या दोहोंच्या मध्ये उभी असते, म्हणूनच तिच्याविषयी वाद उपस्थित होतात.

लॉस एंजेलिसच्या आरोग्यविषयक खात्यांचा इतिहास हा भेद चांगला दर्शवितो. रुग्णालये, सार्वजनिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य ह्यांसाठी असलेली खाती १९७२ मध्ये एकत्र करून एकच मोठे खाते करण्यात आले. १९७८ मध्ये मानसिक आरोग्य त्यातून वेगळे झाले आणि २००६ मध्ये सार्वजनिक आरोग्यही वेगळे निघाले. इतक्या उलथापालथीत राज्याच्या कायद्याने सांगितलेले एकही काम काउंटीला टाळता आले नाही. खाती जोडली, तोडली, त्यांची नावे बदलली. पण आरोग्याधिकारी नेमलाच पाहिजे आणि तो वैद्यकीय पदवीधर असलाच पाहिजे, हे बंधन कायम राहिले. निराधारांच्या साहाय्याचीही हीच स्थिती आहे. काउंटीने ते कोणत्या खात्याकडे द्यावे हा तिचा प्रश्न. ते द्यावे की न द्यावे हा प्रश्न तिचा नाही.

सनदेच्या अधिकाराला लागलेली आणखी एक मर्यादा ह्याच यादीत दडलेली आहे. १९११ च्या मूळ कलमात शेरिफापासून शाळांच्या अधीक्षकापर्यंत अनेक अधिकाऱ्यांची नावे होती, आणि ते निवडलेले असावेत की नेमलेले, हे सनदेवर सोपविलेले होते. पुढील काळात राज्याच्या मतदारांनी घटनेत दुरुस्त्या केल्या, आणि शेरिफ, डिस्ट्रिक्ट अॅटर्नी व असेसर ह्यांच्या नावामागे ‘निवडलेला’ हे विशेषण लागले. एका विशेषणाने तीन खाती सनदेच्या निवडीच्या कक्षेबाहेर गेली.

६

न्यायालयांनी ह्या कलमाचा अर्थ लावताना कोणती दिशा घेतली ते काही निर्णयांवरून दिसून येते. ऑरेंज काउंटीला १९७७ मध्ये स्वतःची सनद नव्हती. तेथील पर्यवेक्षक मंडळाने डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या कचेरीतील तपासनीस शेरिफाच्या खात्यात हलविण्याचा प्रयत्न केला. अपील न्यायालयाने तो अमान्य केला. मंडळाच्या हाती अंदाजपत्रक असले तरी त्या मार्गाने दुसऱ्या निवडलेल्या अधिकाऱ्याचे कायदेशीर कार्य त्याच्या हातून काढून घेता येत नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे. राज्याच्या शासनसंहितेतही ह्याच तत्त्वाची तरतूद आहे. पर्यवेक्षक मंडळाने काउंटीच्या सर्व अधिकाऱ्यांच्या कामावर देखरेख ठेवावी. मात्र शेरिफाच्या तपासाच्या आणि डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या खटला चालविण्याच्या कामात अडथळा आणू नये, असे ती सांगते.

सॅन डिएगोच्या प्रकरणात सनद पुढे सरसावली. १९९० मध्ये तेथील मतदारांनी सनदेत दुरुस्ती करून शेरिफाच्या व परिवीक्षा खात्याच्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारे नागरिकांचे मंडळ स्थापन केले आणि साक्षीदार व कागदपत्रे बोलाविण्याचा अधिकार त्यास दिला. राज्याच्या कायद्याने न दिलेला असा अधिकार सनद देऊ शकते काय, असा प्रश्न निर्माण झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये होकारार्थी उत्तर दिले. अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये ठरविण्याची मुभा घटनेने सनदेला दिली असल्याने असे मंडळ व त्याचा अधिकार वैध ठरला. यादीतील शब्द संकुचित अर्थाने न वाचता न्यायालयाने त्यांना पूर्ण अर्थ दिला.

सॅन बर्नार्डिनोच्या सनदेने शेरिफाला सकारण पदच्युत करण्याचा अधिकार पर्यवेक्षक मंडळाला दिला, तो २००५ मध्ये अपील न्यायालयाने ग्राह्य धरला. शेरिफ निवडलेला असलाच पाहिजे हे घटनेने ठरविले. परंतु त्याच कलमात ‘पदच्युती’ हा शब्दही आहे. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २०२२ मध्ये अशीच दुरुस्ती संमत केली. सॅन मातेओच्या मतदारांनी २०२५ च्या मार्चमध्ये ती केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथील मंडळाने तिचा वापर करून शेरिफास पदावरून दूर केले. विशेषणाने सनदेच्या हातून जे काढून घेतले होते त्यातील काही भाग एका नामाच्या आधाराने परत मिळाला, असे ह्या घटनाक्रमाचे वर्णन करता येईल.

विधिमंडळालाही ह्याच मजकुराने रोखले आहे. काउंटीच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा तंटा सक्तीच्या लवादाकडे सोपविणारा राज्याचा कायदा २००३ मध्ये रिव्हरसाइड काउंटीच्या खटल्यात अवैध ठरला. कर्मचाऱ्यांचे वेतन काउंटीच्या नियामक मंडळाने ठरवावे असे घटनेत म्हटले असताना विधिमंडळाला ते काम बाहेरच्या व्यक्तींकडे देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. रिव्हरसाइडला सनद नव्हती. तरीही घटनेचा स्पष्ट शब्द तिच्या मदतीस आला.

सनदेच्या पाठाचे महत्त्व किती असते ह्याचे एक निराळेच उदाहरण लॉस एंजेलिसमध्ये घडले. २०२० मध्ये मतदारांनी सनदेत अशी तरतूद घातली की काउंटीच्या स्थानिक, अनिर्बंध उत्पन्नाचा किमान दहा टक्के भाग समाजोपयोगी कार्यक्रमांसाठी आणि तुरुंगवासाला पर्यायी उपायांसाठी राखावा. पर्यवेक्षक मंडळाच्या अंदाजपत्रकी अधिकारावर हे आक्रमण आहे, ह्या कारणाने खालच्या न्यायालयाने ती रद्द ठरविली; २०२३ मध्ये अपील न्यायालयाने ती पुन्हा वैध ठरविली. नंतर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी पर्यवेक्षकांची संख्या पाचावरून नऊ करणारी आणि निवडलेला मुख्य कार्यकारी अधिकारी आणणारी मोठी दुरुस्ती मंजूर केली. परंतु २०२० ची तरतूद दप्तरातील सनदेच्या पाठात उतरविलीच गेली नव्हती, आणि नव्या दुरुस्तीचा मसुदा त्या अपुऱ्या पाठावर बेतलेला होता. त्यामुळे नवी दुरुस्ती जुन्या तरतुदीला नकळत रद्द करील, असे २०२५ मध्ये उघडकीस आले. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना लेखकाच्या हातून गळलेल्या ओळीचे परिणाम ठाऊक असतात. येथे तशाच एका गळतीमुळे मतदारांचा निर्णय आणि त्याबरोबर कोट्यवधी डॉलरांची तरतूद धोक्यात आली.

७

कॅलिफोर्नियाच्या अनुभवाचे यथार्थ मोल कळण्यासाठी आणखी दोन राज्यांतील एकाच पदाचा, म्हणजे शेरिफाचा, इतिहास त्याच्याशेजारी ठेवणे उपयुक्त ठरेल.

वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीने १९६८ मध्ये सनद संमत केली आणि शेरिफाचे पद निवडीऐवजी नेमणुकीने भरावयाचे ठरविले. १९९६ मध्ये तेथील मतदारांनी ते पुन्हा निवडीचे केले. २०२० मध्ये त्यांनी तिसऱ्यांदा विचार करून ते नेमणुकीचे केले. ह्या तिन्ही निर्णयांपैकी कोणता योग्य ह्याविषयी मतभेद असू शकतील. पण तिन्ही वेळा निर्णय घेणारे मतदार किंग काउंटीचेच होते. चूक झाली असे वाटले तेव्हा दुरुस्त करणारेही तेच होते.

फ्लोरिडातील डेड काउंटीचा अनुभव ह्याच्या उलट आहे. राज्यातील मतदारांनी १९५६ मध्ये ह्या काउंटीसाठी खास घटनादुरुस्ती संमत केली आणि १९५७ मध्ये तिची सनद अमलात आली. शेरिफाच्या खात्यातील भ्रष्टाचाराच्या प्रकरणांनंतर १९६६ मध्ये काउंटीच्या मतदारांनी शेरिफाची निवडणूकच बंद केली आणि पोलिसांचे काम नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखालील सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे दिले. १९६८ च्या नव्या राज्यघटनेने अशा व्यवस्थेला सर्वसाधारण आधार दिला. काउंटीचे अधिकारी निवडलेले असावेत असे सांगून तिने एक अपवाद जोडला होता: सनदेत तशी तरतूद असल्यास अधिकारी अन्य रीतीने नेमता येईल, किंवा कर्तव्ये दुसऱ्या पदाकडे सोपवून ते पदच रद्द करता येईल.

फ्लोरिडात दर वीस वर्षांनी घटनेचे पुनरीक्षण करणारा आयोग बसतो. २०१८ मध्ये ह्या आयोगाने मतदारांपुढे दहाव्या क्रमांकाची दुरुस्ती ठेवली. तीत चार विषय एकत्र गुंफलेले होते: माजी सैनिकांसाठी राज्यपातळीवरचे खाते, दहशतवादविरोधी कार्यालय, विधिमंडळाच्या अधिवेशनाची तारीख, आणि काउंटीचे पाच अधिकारी निवडलेलेच असावेत ही सक्ती. मतदाराला ह्या चारींवर मिळून एकच मत देता येत होते. दुरुस्ती संमत झाली. घटनेतील तो अपवाद निघून गेला. एव्हाना मायामी-डेड हे नाव धारण केलेल्या त्या काउंटीत नोव्हेंबर २०२४ मध्ये शेरिफाची निवडणूक झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये, सुमारे अठ्ठावन्न वर्षांनंतर, पोलीस खाते पुन्हा निवडलेल्या शेरिफाच्या हाती गेले.

निवडलेला शेरिफ लोकांना अधिक उत्तरदायी असतो, हा दुरुस्तीच्या समर्थकांचा युक्तिवाद हलका लेखण्याजोगा नाही. शेरिफ राज्याचा कायदा राबवितो, तेव्हा त्याच्या पदाचे स्वरूप सर्व राज्यात समान असावे, हेही म्हणणे तर्कशुद्ध आहे. कॅलिफोर्नियानेही ते अंशतः मान्य केले आहे. विचारार्ह मुद्दा निराळा आहे. १९६६ च्या निर्णयामागे एका काउंटीचा प्रत्यक्ष कटू अनुभव होता. तो निर्णय बदलण्याचा अधिकार त्याच काउंटीच्या पुढील पिढीला होताच. तो वापरला गेला नाही. ज्यांना तो अनुभव आलेला नव्हता अशा सबंध राज्याच्या मतदारांनी, इतर तीन विषयांबरोबर, तो निर्णय फिरविला.

८

ह्या विवेचनातून सनदेच्या अधिकाराची सीमा कोठे आहे ते दिसून येते. तिची सीमा सामान्यतः समजली जाते तशी विधिमंडळाशी नाही. कॅलिफोर्नियात विधिमंडळाचा कायदा सनदेपुढे अनेकदा मागे हटला, कारण घटनेने यादीतील बाबींपुरते सनदेला अग्रस्थान दिले होते. खरी सीमा घटनेच्या वाक्याशी आहे, आणि ते वाक्य बदलण्याचा अधिकार काउंटीच्या मतदारांना नसून राज्याच्या मतदारांना आहे. किंग काउंटीच्या मतदारांना आपले मत तीनदा बदलता आले, कारण त्यांच्या राज्याच्या घटनेने ती जागा मोकळी ठेवली. डेडच्या मतदारांना ते एकदाच साधले, कारण त्यांचा निर्णय एका अपवादाच्या वाक्यांशावर उभा होता.

लोक हा शब्द दोन्ही पक्ष वापरतात. काउंटीचे लोक की राज्याचे लोक, हा भेद वापरताना गाळला जातो, आणि बहुतेक युक्तिवादांची शक्ती ह्या गाळण्यातच असते. लॉस एंजेलिसने १९१३ मध्ये पब्लिक डिफेंडरचे खाते निर्माण केले तेव्हा सबंध राज्याची संमती आवश्यक असती, तर ते खाते कधी व कसे अस्तित्वात आले असते हे सांगणे कठीण आहे. दुसऱ्या बाजूने, निराधारांना साहाय्य करण्याचे कर्तव्य प्रत्येक काउंटीच्या मर्जीवर सोडले असते, तर ते सर्वत्र पाळले गेलेच असते असेही म्हणवत नाही. कार्य राज्याने ठरवावे आणि रचना काउंटीने, ही कॅलिफोर्नियाच्या घटनेतील विभागणी ह्या दोन्ही अनुभवांना धरून आहे. शेरिफासारख्या दोन्हीकडे पाय असलेल्या पदापाशी मात्र ती अपुरी पडते.

कॅलिफोर्नियातील ५८ काउंट्यांपैकी १४ काउंट्यांनी स्वतःची सनद स्वीकारली आहे. उरलेल्या सामान्य कायद्याखालीच चालतात. सनदी आणि बिनसनदी काउंट्यांत एकेका खात्याची रचना कालक्रमाने कशी बदलत गेली, सनदेतील कोणता शब्द कोणत्या वर्षी आला आणि कोणत्या वर्षी गळाला, ह्याचा तौलनिक अभ्यास झाल्यास येथे मांडलेल्या निष्कर्षांची अधिक काटेकोर परीक्षा होऊ शकेल.